‘ऑल डॉग्ज गो टू हेवन’ मुलांना दाखवताना

डॉन ब्लुथ यांचा हा १९८९ सालचा ॲनिमेशनपट नावावरून वाटतो तितका निरागस नाही. १९३९ च्या न्यू ऑर्लिन्समध्ये जुगाराचा अड्डा चालवणाऱ्या चार्ली नावाच्या कुत्र्याला त्याचाच भागीदार कारफेस दारू पाजून ठार करवतो. त्यानंतर चार्ली स्वर्गात पोहोचतो आणि आपल्या आयुष्याचे घड्याळ चोरून, त्याला किल्ली देऊन पृथ्वीवर परततो. त्यामुळे सुमारे दीड तासाचा हा चित्रपट मोठ्यांनी आधी एकट्याने पाहून घ्यावा. माझ्या मते सहा वर्षांखालील मुलांसाठी तो थोडा लांबणीवर टाकलेला बरा.

मुलांसोबत पाहताना स्वर्गातील प्रसंग संपला की चित्रपट थांबवावा. सगळेच कुत्रे स्वभावतः भले आणि एकनिष्ठ असल्यामुळे त्यांना स्वर्ग मिळतो, असे तिथली देवदूत सांगते. परंतु घड्याळ घेऊन निघालेल्या चार्लीला आता पुन्हा येता येणार नाही, हेही तीच बजावते. हा नियम मुलांच्या नीट लक्षात आला आहे ना, हे त्यांच्याच शब्दांत वदवून घ्यावे, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

चार्लीला पडणारे नरकाचे दुःस्वप्न हा सर्वांत अवघड भाग आहे. तो वगळून पुढे जाण्याचा मोह होतो. मात्र तसे केल्यास शेवटी चार्लीला न्यायला येणारी भयानक आकृती कोण, हे मुलांना कळत नाही आणि भीती उलट वाढते. त्याऐवजी दिवा चालू ठेवावा, आवाज कमी करावा आणि हे स्वप्न आहे, चार्ली त्यातून जागा होणार आहे, असे आधीच सांगून टाकावे. मगरीच्या गाण्याला मुले हसतात. तिथे काही समजावत बसू नये.

अखेरीस बुडणारे घड्याळ वाचवायचे की अ‍ॅन-मरी या अनाथ मुलीला, अशी वेळ चार्लीवर येते आणि तो मुलीला निवडतो. या प्राणार्पणामुळेच त्याला स्वर्गाचे दार पुन्हा उघडते. चित्रपट संपल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा: आधी त्याला स्वर्ग कशामुळे मिळाला होता आणि आता कशामुळे मिळाला? उत्तर चुकले तरी लगेच दुरुस्त करू नये.

घरातला कुत्रा नुकताच गेला असेल, तर हा चित्रपट सांत्वनासाठी लावू नये. घड्याळाला किल्ली देऊन परतणारा चार्ली पाहून आपलाही कुत्रा परत येईल, अशी आशा लहान मुलाच्या मनात सहज रुजते. काही महिन्यांनी दाखवतानाही, खरे मेलेले प्राणी परत येत नाहीत, हे आडवळण न घेता सांगावे.

अ‍ॅन-मरीला आवाज देणारी ज्युडिथ बार्सी प्रदर्शनापूर्वीच, १९८८ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी घरातील हिंसाचारात मारली गेली. मोठ्यांना हे माहीत असावे, पण लहानग्यांपुढे तो विषय काढू नये.

१९९६ चा दुसरा भाग ब्लुथ यांचा नाही. त्यात चार्ली पुन्हा पृथ्वीवर येत असल्यामुळे पहिल्या भागातील निरोप फिका पडतो. म्हणून दोन्ही भाग एकाच बैठकीत पाहणे टाळावे.