लेझर मशीनला घरी शिल्ड बनवताय? मग या चुका टाळा

लाकूड वगैरे कोरणाऱ्या लेझर मशीनचा उजेड डोळ्यात जाऊ नये म्हणून लावतात ते आवरण म्हणजे शिल्ड. माझा पहिला शिल्ड म्हणजे साइनबोर्डवाल्याकडे मखराच्या कामातून उरलेला नारंगी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा. मशीनसोबत आलेला पण नारंगीच होता ना, मग काय, कापला, चिकटवला, दोन दिवस खूश. तिसऱ्या रात्री खोलीतला लाईट बंद करून नेमप्लेट कोरायला लावली तर शिल्डच्या पलीकडच्या भिंतीवर छान निळा उजेड पडलेला, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

रंग बघून शीट घेऊच नका, बघायचं ते ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे शीट किती उजेड अडवते त्याचा आकडा) आणि ते कुठल्या नॅनोमीटरला, म्हणजे लेझरच्या कुठल्या तरंगलांबीला दिलंय ते. आपल्या डायोड मशीनचा निळा लेझर साधारण 450 नॅनोमीटरचा असतो. ओडी 4 म्हणजे दहा हजारातला एक भाग पलीकडे जातो, म्हणजे 10 वॉटचा पूर्ण बीम धरला तरी 1 मिलिवॅट. आकडाच लिहिलेला नसेल तर ती शीट मखरालाच बरी. आणि भिंतीवर निळं दिसलं नाही म्हणजे शीट पास, असंही नाही हां. 1064 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड मॉड्यूल लावला तर तो डोळ्याला दिसतच नाही, निळ्यासाठीची शीट त्याला अडवेलच असं नाही, त्याला वेगळी शीट आणि गॉगल पण वेगळा. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरचं तर उलटंच, त्याचा 10,600 नॅनोमीटरचा बीम साध्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकला अडतो, पण ते वाचून कोणी डायोडला पारदर्शक शीट लावली तर झालंच कल्याण.

दुसरी चूक फटींची. हेडला, म्हणजे लेझर बसवलेल्या हलत्या भागाला, लटकणारा छोटा शिल्ड असतो ना, तो लाकूड सपाट असेल तरच कामाचा, गोल ग्लास कोरायला हेड वर घेतलं की खालून सगळा उजेड बाहेर. आमचं 1 बीएचके, टेबलासमोरच आरशाचं कपाट, म्हणून शेवटी पूर्ण डबाच केला. तो एमडीएफचा, आणि जूनमध्ये दमट हवेने असा फुगला की झाकण बोटभर उघडंच राहायचं! आता प्लाय, कडा सील केलेल्या, आतून मॅट काळा रंग. चकचकीत सनमायका किंवा अ‍ॅल्युमिनियमची टेप आतून लावू नका, बीम कुठून कुठे उडेल सांगता येत नाही.

झाकणाला मायक्रोस्विच (झाकण टेकलं की दाबला जाणारा छोटा स्विच) लावा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो, आणि तो लेझरच्या सप्लायवर लावा, नुसता यूएसबी काढून उपयोग नाही. झाकण बंद असेल तरच सर्किट पूर्ण होईल असा जोडायचा, म्हणजे उद्या वायर तुटली तरी लेझर बंदच राहतो. मी आधी उलटा जोडला होता, वायर सुटली होती ते मला आठवडाभर कळलंच नाही.

धुरासाठी भोक पाडाल तर सरळ पाडू नका, आत एक आडवी पट्टी मारून वळण द्या, नाहीतर उजेड फॅनच्या पात्यांमधून थेट खिडकीत. रेक्झिन, पीव्हीसी तर कापूच नका, फॅन कितीही मोठा असला तरी, हायड्रोजन क्लोराइड निघतो, घसा जातो आणि मशीनचे रॉड पण गंजतात.

शीट पुसायला थिनर घेऊ नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी, मऊ फडका, बास.