नाव जोडून व्हेरिएबल शोधताय? या चुका टाळा

समजा, इंदूरच्या एखाद्या मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब पायथॉनमध्ये लिहायचा आहे. नवीन शिकणारे बहुधा प्रत्येक भागाला एक व्हेरिएबल देऊन मोकळे होतात: वर्गणी_राजवाडा, वर्गणी_सुदामानगर, वर्गणी_पलासिया. पावती करताना भागाचं नाव कीबोर्डवरून येतं आणि गाडी अडते. "वर्गणी_" ला ते नाव जोडलं, पण त्या नावाचं व्हेरिएबल हाती कसं लागणार?

लागतं, ग्लोबल्स (globals, प्रोग्रामच्या सगळ्यात वरच्या पातळीवरची व्हेरिएबलं नावासकट देतं) किंवा इव्हॅल (eval, स्ट्रिंग म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवतं) वापरून. पण हा प्रश्न पडला, की माहिती चुकीच्या जागी ठेवली आहे असं खुशाल समजा. इथे डिक्शनरी हवी, म्हणजे प्रत्येक नावाशी (की) एक किंमत जोडून ठेवणारी रचना:

वर्गणी = {"राजवाडा": 0, "सुदामानगर": 0, "पलासिया": 0}
वर्गणी[भाग] += रक्कम

उद्या विजयनगर जोडायचं झालं तर फक्त एक की वाढते. एकूण बेरीज एका ओळीत होते आणि सगळा हिशेब फाइलमध्ये ठेवणंही सोपं जातं.

तरी कुणाचा जुना कोड अंगावर पडतो आणि त्यात हेच सगळं असतं. तिथे आधी इव्हॅल शोधा. त्याला दिलेली स्ट्रिंग कोड म्हणून चालते. भागाच्या रकान्यात कुणी नावाऐवजी फाइल उडवणारी ओळ टाकली, तर तीही चालेल. बाहेरून आलेला मजकूर इव्हॅलकडे जात असेल, तर बाकीचं काम बाजूला ठेवून आधी ते काढा.

लोकल्सची (locals, फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलांची डिक्शनरी देतं) गंमत वेगळी. फंक्शनच्या आत लोकल्सच्या डिक्शनरीत नवी किंमत टाकली, तर एरर येत नाही, पण व्हेरिएबलही बदलत नाही. पायथॉन 3.13 पासून फंक्शनमध्ये लोकल्स दर वेळी नवी प्रत देतं, त्यामुळे मागच्या वेळी टाकलेली किंमत पुढच्या वेळी दिसतही नाही. तासन् तास प्रिंट लावत बसू नका, सरळ स्वतःची डिक्शनरी करा.

जावास्क्रिप्टवाल्यांनी एवढं तपासावं: स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वरती व्हार लिहिलेलं व्हेरिएबल ब्राउझरच्या विंडो (window) ऑब्जेक्टवर नावाने सापडतं, लेट आणि कॉन्स्टचं सापडत नाही. पीएचपीत $$ (दुसऱ्या व्हेरिएबलमधल्या नावाने व्हेरिएबल शोधणारी खूण) लावलेल्या नावापुढे चौकटी कंस असेल, तर पीएचपी 5 आणि 7 त्याचा अर्थ वेगवेगळा लावतात. महिरपी कंस घालून अर्थ पक्का करा.

आता आपल्याकडे हमखास भेटणारी अडचण. पायथॉन 3 मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. बड़ा गणपती भागासाठी तुम्ही वर्गणी_बड़ा_गणपती हे नाव ठेवलं, ग्लोबल्समध्ये तेच नाव स्ट्रिंगने शोधलं, आणि की-एरर आला. स्क्रीनवर दोन्ही नावं हुबेहूब सारखी. कारण नुक्त्यात, म्हणजे अक्षराखालच्या टिंबात आहे. ड़ दोन प्रकारे टाइप होतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ड आणि नुक्ता असा दोन खुणांनी. कोणता येईल ते कीबोर्डवर ठरतं. कोड वाचताना पायथॉन व्हेरिएबलचं नाव एनएफकेसी (NFKC) या युनिकोडच्या पद्धतीने एकसारखं करून घेतं, म्हणजे अखंड ड़ फोडून दोन खुणा करतं. स्ट्रिंगला मात्र हात लावत नाही.

खात्री करायची तर त्या एका अक्षराची लांबी लेनने बघा: एकीकडे 1, दुसरीकडे 2 येईल. डिक्शनरी वापरली तरी हा घोळ उरतो, कारण दोन जणांचे कीबोर्ड वेगळे असले तर एकाच भागाच्या दोन की तयार होतात. त्यामुळे बाहेरून आलेलं नाव आधी स्ट्रिपने मागचीपुढची मोकळी जागा काढून घ्या, मग युनिकोडडेटा मॉड्यूलच्या नॉर्मलाइझला "NFKC" सह द्या आणि त्यानंतरच की म्हणून वापरा. डिक्शनरी पहिल्यांदा भरतानाही हेच करा.