ई20 पेट्रोलवर मातीतली टू-स्ट्रोक कशी टिकवायची

कोल्हापुरात उद्यमनगरात मी डर्टच्या टू-स्ट्रोक गाड्या बांधतो. दुकानात येणारं प्रत्येक पोरगं विचारतं, ‘मामा, टू-स्ट्रोकचं पुढं काय?’ बाहेरच्या देशांत तिचं बरं चाललंय. केटीएमने 2018च्या मॉडेलपासून 250 आणि 300 एन्ड्युरोला फ्युएल इंजेक्शन दिलं, यामाहाची वायझेड 250 अजून कार्ब्युरेटरवरच येते. आपल्याकडं मात्र 1996 साली बंद झालेली आरएक्स 100 मातीत पळवायची असते, आणि तिच्या टाकीत आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जातं. तिचं पुढं काय, ते या पेट्रोलला आपण कसं सांभाळतो त्यावर आहे.

आधी एक करून बघा. काचेच्या बाटलीत 100 मिली मिक्स पेट्रोल घ्या, रंगीत टू-स्ट्रोक ऑइल घातलेलं. त्यात चहाचा एक चमचा पाणी टाका, झाकण लावून हलवा आणि थोडा वेळ ठेवा. तळाला थर साचेल, आणि तो एका चमच्यापेक्षा खूप जास्त असेल, कारण पाण्याने इथेनॉल खाली ओढून घेतलेलं असतं. ऑइलचा रंग मात्र वरच राहतो. आता टाकीचा कॉक कुठं असतो ते आठवा. इंजिनला आधी तोच बिनऑइलचा थर मिळणार! ऑइल पंप काढलेल्या गाडीत क्रँकच्या बेअरिंगला पेट्रोलबरोबर येईल तेवढंच ऑइल.

माझ्या हातून एक इंजिन असंच गेलं. जूनमध्ये अर्ध्या टाकीसकट गाडी शेडमध्ये लावली, पावसाळ्याची ओल टाकीतल्या पेट्रोलने ओढून घेतली आणि दसऱ्याला बाहेर काढली. किका मारून पाय दुखला तेव्हा कुठं सुरू झाली. खूण तीच होती, मी ओळखली नाही. दुसऱ्याच फेरीत मागचं चाक जाम. उघडलं तर पिस्टन ठीक, कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणारं बिग-एंडचं बेअरिंग मात्र निळं पडलेलं.

म्हणून मिक्स त्या दिवसापुरतंच बनवा. मी 40 ला 1 धरतो, म्हणजे लिटरला 25 मिली, पाच लिटरला 125. ऑइल सिरिंजने मोजा, बाटलीच्या झाकणाने नको. पावसाळ्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून आत ऑइल फिरवा, आणि कार्ब्युरेटरच्या तळाची फ्लोटची वाटी खोलून कोरडी करा. कॉकचं पॅकिंग नि रबरी पाइप फुगलेत का, तेही तेव्हाच बघा.

आता जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, आणि इथं घाई करू नका. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे जुन्या जेटवर गाडी लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. लीन गाडी सीज व्हायच्या, म्हणजे तापून पिस्टन जाम व्हायच्या आधी फार गोड पळते. पोरं खूश होतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. मेन जेट एक-दोन नंबर मोठा घालूनच सुरुवात करा आणि तिथून खाली या. नवा प्लग लावा, तिसऱ्या गिअरला फुल थ्रॉटल ओढा, क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. चिनी मातीच्या मुळाशी तपकिरी कडं दिसलं तर बरोबर. पांढरं फटक असेल, तर त्या जेटवर आणखी एक फेरीसुद्धा मारू नका. अजून एक, कारण यात जुनेजाणतेही चुकतात: ऑइल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणजे गाडी आणखी लीन होते. प्रमाण बदललं की जेट पुन्हा तपासायचाच.

माझ्याकडं एक वही आहे. तारीख, जागा, हवा, जेटचा नंबर आणि प्लगचा रंग असं सगळं त्यात लिहितो. गोव्याला उतरलो की हवा दाट होते, म्हणून तिथल्या पानावर जेट इथल्यापेक्षा मोठा असतो. गाडी टेम्पोतून उतरली की आधी ते पान काढतो, मग किक.