जुनी मॅसी ३५ घेतलीय? या चुका टाळा

मोहोळकडच्या चुलतभावानं जुना मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर घेतला. तिसऱ्या दिवशी फोन आला, "दादा, लिफ्ट गेली. मिस्त्री म्हणतोय, पंप खोलावा लागंल."

लिफ्ट म्हणजे मागचं अवजार उचलणारी हायड्रोलिक. जाऊन बघतो तर पीटीओचा (मागच्या अवजाराला इंजिनची ताकद देणाऱ्या शाफ्टचा) लिव्हर न्यूट्रलला! या ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप पीटीओच्या शाफ्टवर फिरतो. लिव्हर न्यूट्रलला असला की लिफ्टही बंद. 'ग्राउंड'ला असला तर चाकं फिरतील तेवढीच लिफ्ट चालते. लिव्हर 'इंजिन'ला टाकला, नांगर उठला. मिस्त्री तोवर पाने काढून बसला होता.

डबल क्लच असेल तर तोही समजून घ्या. अर्धा दाबला की गाडी थांबते, पीटीओ आणि लिफ्ट चालू राहतात. तळापर्यंत दाबला की सगळंच थांबतं. बांधावर वळताना पूर्ण क्लच दाबायचा आणि वर लिफ्ट उठत नाही म्हणून ओरडायचं, हे मी तरी रोज बघतो.

लिफ्टचे लिव्हर दोन असतात. नांगराला ड्राफ्ट (ओढ वाढली की अवजार आपोआप उचलणारा), ब्लेडला पोझिशन (अवजार ठरल्या उंचीवर धरणारा). आपल्या काळ्या रानात कडक पट्टा लागला की टॉप लिंकवर (अवजाराला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या वरच्या दांड्यावर) दाब येतो, ड्राफ्ट नांगर जरा उचलतो आणि वजन मागच्या चाकांवर येतं. पोझिशनवर नांगरलं तर चाकं जागेवरच घसरतात. अर्थात वापसा (मशागतीजोगी ओल) नसेल तर दोन्ही लिव्हर बिनकामाचे.

टाकी कोरडी होऊन इंजिन बंद पडलं की सेल मारत बसू नका, बॅटरी बसंल. डिझेलच्या नळ्यांत शिरलेली एअर काढा : आधी फिल्टरचा स्क्रू, मग डिझेल पंपाचे, शेवटी नोझलचे (इंजिनात डिझेल फवारतात त्यांचे) नट. फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) हाताची दांडी ढिली लागली तर पंप खराब म्हणू नका. हा पंप हलवणाऱ्या कॅमचा उंचवटा वर आलेला असतो. इंजिन थोडं फिरवा, दांडीला जोर येतो.

गिअर आणि हायड्रोलिकचं ऑइल एकच. ते दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, बदला. उन्हाळ्यात एअर क्लीनरचं ऑइल वरचेवर बघा, धुळीनं त्याचा चिखल होतो.

आणि हे तीन सिलिंडरचं, सुमारे २५०० सीसीचं, ३५-३७ हॉर्सपॉवरचं पर्किन्स इंजिन आहे. पुढचे गिअर ६, मागचे २. उसाच्या दोन ट्रॉल्या लावून चढ चढवायला काढलेलं नाही. भावानं लावल्याच. आता क्लच प्लेट सोलापूरहून आणायला गेलाय.