मालिकेच्या भरवशावर कॉमिक घेताय? या चुका टाळा

जुलै २०१२ मध्ये मी न्यू जर्सीत होतो. 'द वॉकिंग डेड' या झोंबींच्या कॉमिकचा १०० वा अंक आला त्या दिवशी कॉमिकच्या दुकानात रांग लागली होती आणि मीही पाच प्रती घेऊन बाहेर पडलो. त्यावरची टीव्ही मालिका तेव्हा जोरात होती. या अंकात निगन हा खलनायक पहिल्यांदा येत होता. उद्या तो पडद्यावर आला की अंकाचा भाव चढणार, असा सरळ हिशेब होता. निगन पडद्यावर आलाही, २०१६ मध्ये. त्या पाचही प्रती आज माझ्या पुण्याच्या घरात, कपाटात आहेत. गेल्या महिन्यात भाच्याने खोकं उघडलं आणि विचारलं, "मामा, मालिका तर केव्हाच संपली. आता याला कोण विचारणार?"

त्याला उत्तर देताना माझी कुठली गणितं चुकली होती ते पुन्हा एकदा मांडावं लागलं. तेच इथे लिहितोय.

छपाई किती झाली, हे न विचारणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. 'द वॉकिंग डेड'चा पहिला अंक ऑक्टोबर २००३ मध्ये इमेज कॉमिक्सने काढला. लेखक रॉबर्ट कर्कमन, चित्रकार टोनी मूर, आतली पानं कृष्णधवल. फारसं कुणाला माहीत नसलेल्या या अंकाच्या जेमतेम सात हजारांच्या आसपास प्रती निघाल्या. मालिका सुरू झाली ३१ ऑक्टोबर २०१० ला, म्हणजे मधे सात वर्षं गेली. एवढ्या काळात कितीतरी प्रती वाचून वाचून मऊ झाल्या, कुणाच्या हरवल्या, कुणी देऊन टाकल्या. मग मागणी आली आणि पुरवायला माल नव्हता. या अंकाची अगदी कोरी, ९.८ ग्रेडची (प्रतीची अवस्था तपासून दहापैकी दिलेले गुण म्हणजे ग्रेड) प्रत मालिका संपल्यानंतरही हजार डॉलरच्या पुढेच जाते.

आता १०० वा अंक घ्या. दुकानदारांनी त्याच्या ३,८०,००० हून जास्त प्रती मागवल्या, त्याही वेगवेगळ्या कव्हरांच्या. शिवाय माझ्यासारख्यांनी त्या जपून ठेवण्यासाठीच घेतल्या आणि घरी येताच पिशवीत घातल्या. फाटल्या नाहीत, हरवल्या नाहीत, सगळ्या शाबूत आहेत. साध्या कव्हरची प्रत आजही हॉटेलातल्या एका जेवणाच्या खर्चात मिळते.

एक बारकावा लक्षात ठेवा. अमेरिकेत कॉमिकच्या विक्रीचे म्हणून जे आकडे छापून येतात, ते बहुतेक वेळा दुकानांनी मागवलेल्या प्रतींचे असतात. तो माल सहसा परत करता येत नाही, त्यामुळे न विकलेले गठ्ठे दुकानाच्या मागच्या खोलीत पडून राहतात आणि वर्षानुवर्षं थोडे थोडे बाजारात येत राहतात. १९९१ चा 'एक्स-मेन'चा पहिला अंक ऐंशी लाखांवर छापला गेला. तो आजही कुठल्याही जुन्या खोक्यात हाताला लागतो.

प्रेक्षकाला संग्राहक समजणं

ऑक्टोबर २०१४ मध्ये 'द वॉकिंग डेड'च्या पाचव्या सीझनचा पहिला भाग अमेरिकेत १ कोटी ७३ लाख लोकांनी पाहिला. त्या सुमारास कॉमिकचा एरवीचा महिन्याचा अंक जात होता सत्तर हजारांच्या आसपास. बाकीचे सगळे रविवारी रात्री सोफ्यावर बसून मालिका बघत होते आणि सोमवारी कामावर जात होते. त्यांना अंक नकोच होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेवटचा भाग लागला तेव्हा प्रेक्षक उरले होते साधारण २३ लाख. कॉमिक तर त्याआधीच, जुलै २०१९ मध्ये, १९३ व्या अंकाला कर्कमनने अचानक थांबवलं होतं.

आणि या मालिकेतलं अतिशय लाडकं पात्र म्हणजे डॅरिल डिक्सन. तो कॉमिकमध्ये नाहीच! मालिकेसाठी घडवलेलं पात्र ते. डॅरिलवर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकाला त्याचं पहिलं दर्शन असलेला अंक घ्यायचा म्हटला तरी घेता येणार नाही, कारण तसा अंकच नाही. पडद्यावरचं प्रेम कागदापर्यंत पोचायला आधी वाट असावी लागते. मिशोन या पात्राच्या बाबतीत ती होती. मिशोन १९ व्या अंकात पहिल्यांदा येते आणि २०१२ मध्ये ती पडद्यावर दिसताच लोक तो अंक शोधू लागले.

बातमी पिकल्यावर धावणं

मून नाइट हा मार्व्हलचा सुपरहिरो पहिल्यांदा दिसला 'वेअरवुल्फ बाय नाइट'च्या ३२ व्या अंकात, १९७५ मध्ये. त्याच्यावरच्या मालिकेची घोषणा झाली ऑगस्ट २०१९ मध्ये, ती लागली मार्च २०२२ मध्ये. भाव चढले ते घोषणेपासून पुढच्या काळात. मालिका लागली आणि भाव ओसरू लागले, कारण ज्यांना विकायचं होतं ते याच दिवसाची वाट बघत होते. मालिका लागायच्या आठवड्यात घेणारा माणूस बहुधा सगळ्यात महाग घेतो.

१९६६ चा बॅटमॅन आणि गायब झालेलं पान

हे जुनं प्रकरण मला फार आवडतं. जानेवारी १९६६ मध्ये एबीसी वाहिनीवर बॅटमॅनची मालिका सुरू झाली आणि त्या वर्षी 'बॅटमॅन' कॉमिकचा सरासरी खप नऊ लाखांच्या घरात गेला. मार्च १९६८ मध्ये मालिका संपली. १९६९ मध्ये तोच खप चार लाखांच्याही खाली आला होता.

पण त्या लाटेतले काही अंक आज चांगलेच महाग आहेत. जून १९६६ चा १८१ वा अंक घ्या. यात पॉयझन आयव्ही ही बॅटमॅनची खलनायिका पहिल्यांदा येते. त्या मालिकेत ती एकदाही आली नाही. मालिका गेली, पण पुढच्या अनेक दशकांत लेखकांनी तिच्यावर इतकं लिहिलं की या अंकाची मागणी टिकून राहिली. खरा आधार मिळाला तो तिथून.

हा अंक घेताना मात्र मधलं पान बघाच. बॅटमॅन-रॉबिनचं चित्र असलेलं ते पान तेव्हाच्या मुलांनी भिंतीवर लावायला पिनांतून सोडवून घेतलं. बाहेरून झकास दिसणाऱ्या प्रतीतही ते नसतं आणि किंमत दाणकन खाली येते. १९७४ च्या 'हल्क'च्या १८१ व्या अंकाचीही तीच गत. वाचकांच्या पत्रांच्या पानावरचा छापील स्टॅम्प मुलांनी कात्रीने कापलेला असतो. विक्रेत्याला आतल्या पानांचे फोटो मागा. टाळाटाळ केली तर सोडून द्या.

पुन्हा छापलेला अंक पहिला म्हणून घेणं

मालिका गाजली की प्रकाशक जुने अंक पुन्हा छापतो. 'द वॉकिंग डेड'चे पहिले ५२ अंक २०११ मध्ये दर आठवड्याला एक असे पुन्हा निघाले. पहिल्या अंकाची एक डॉलरवाली आवृत्तीही आली आणि ऑक्टोबर २०२० पासून रंगीत आवृत्ती सुरू झाली. अलीकडच्या बहुतेक अमेरिकन अंकांवर बारकोडच्या शेजारी पाच लहान आकडे असतात. पहिले तीन अंकाचा क्रमांक, चौथा कव्हरचा, पाचवा छपाईचा. शेवटी २ किंवा ३ असेल तर ती दुसरी किंवा तिसरी छपाई. आतल्या बारीक अक्षरातल्या मजकुराशीही ताडून बघा.

घेऊन बसलोच आहोत, आता?

आधी खरा भाव काढा. ऑनलाइन कुणी काय मागतंय याला अर्थ नाही, प्रत्यक्षात काय भावाला विकलं गेलं ते बघा. ईबेवर विकून झालेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात. मग ग्रेडिंगचा खर्च, अमेरिकेला जाण्या-येण्याचं टपाल आणि विमा यांची बेरीज करा. शंभराव्या अंकासारख्या प्रतीला ही बेरीज परवडत नाही. असे अंक सुटे विकण्यात वेळ जातो, गठ्ठ्याने काढलेले बरे.

ठेवायचेच असतील तर आपल्याकडचा पावसाळा ध्यानात घ्या. माझ्या पाच प्रतींपैकी एकीच्या वरच्या पिनेवर तांबूस गंज धरलाय आणि त्याचा डाग कण्यापाशी कव्हरवर उतरलाय, मोहरीच्या दाण्याएवढा. पिना बदलायचा मोह होतो, पण बदललेली पिन ग्रेडिंगमध्ये पकडली जाते. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर नकोच. अॅसिड-फ्री पुठ्ठा, मायलारची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पिशवी, अंक उभे, खोकं बाहेरच्या भिंतीपासून लांब, आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जूनच्या आधी बदलायच्या. गंजलेली प्रत मी भाच्याला वाचायला दिली. तो पहिल्या अंकापासून सुरुवात करायची म्हणून अडून बसलाय. त्याच्यासाठी एक डॉलरवाली आवृत्ती शोधतोय.