गाडीखाली लाल डाग : कूलर पाइप दुरुस्त करताना या चुका टाळा

जुन्या ऑटोमॅटिक गाडीखाली सकाळी लालसर तेलाचा डाग दिसला की हात आधी पान्याकडे जातो. माझाही गेला होता. हे तेल बहुधा कूलर पाइपांचं, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरमधल्या कूलरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचं. रेडिएटरजवळचा नट ओला दिसला, म्हणून आवळला. तो आधीच घट्ट होता. जोर लावल्यावर नट गंजलेल्या पाइपलाच घेऊन फिरला आणि पाइप पिळवटला. थेंबाथेंबाने गळणाऱ्या तेलाची धार लागली. गंमत म्हणजे मूळ गळती तिथे नव्हतीच. ती हातभर पुढे होती, लोखंडी नळीवर रबरी होज दाबून बसवलेला असतो त्या जोडात.

हे तेल टपकतं एकीकडे आणि गळतं दुसरीकडे. पाइपवरून ओघळत, वाऱ्याने मागे ढकललं जात ते सर्वांत खालच्या कोपऱ्यात जमतं. रंगावरही भिस्त ठेवू नका. गिअरबॉक्सचं तेल नवं असताना बहुधा लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं, आणि कित्येक गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच तेल असतं. आधी सगळा भाग डीग्रीजरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) धुऊन कोरडा करा. संशयित जोडांवर थोडी टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन चालू करा. पांढऱ्या पावडरीवर पहिली ओली रेघ जिथे उमटेल, तिथे गळती. इंजिन चालूच ठेवायचं, कारण पंप फिरल्याशिवाय या पाइपांत दाब येत नाही. मात्र बघायचं ते टॉर्चने आणि लांबून; पंख्याच्या आसपास हात नको. गाडीखाली जायचं तर फक्त जॅकच्या भरवशावर नाही, खाली स्टँड हवेतच.

नट सोडवताना दोन पाने लागतात, एक नटाला आणि दुसरा तो नट ज्यात बसतो तो अ‍ॅडाप्टर धरून ठेवायला. फिक्स पान्याने हे मऊ नट गोल होतात. त्यासाठी फ्लेअर नट पाना मिळतो. दिसायला रिंग पान्यासारखा, पण पाइप आत सरकावा म्हणून त्याला एक फट असते. गंजलेले नट सैल करणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या.

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक. सडलेला तुकडा कापायचा, मध्ये रबरी होज घालायचा, दोन्हीकडे क्लिपा आवळायच्या आणि झालं काम. दिसायला पक्कं दिसतं. पण कापलेल्या नळीचं टोक गुळगुळीत असतं, त्याला होज अडकून राहील असा उभार नसतो. तेल गरम झालं, रबर मऊ पडलं की होज एक दिवस सटकतो आणि पंप उरलेलं तेल बाहेर फेकायला लागतो. ते गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडलं तर आगीची भीती वेगळीच. टोकाला अवजाराने उभार काढता येत नसेल तर हा जुगाड करूच नका.

होजही हाताला लागेल तो नको. हीटरचा होज पाण्यासाठी केलेला असतो, तेलात त्याचं रबर फुगतं. पेट्रोलचा साधा होज तेलाला टिकतो, पण इथली उष्णता त्याला फार दिवस सोसवत नाही. होजवर ‘ट्रान्समिशन ऑइल कूलर’ किंवा त्या होजचं मानक एसएई जे१५३२ (SAE J1532) असं छापलेलं पाहून घ्या. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून वापरणारे भेटतात. थरथरीने तांबं कडक होतं आणि तडकतं. माझं विचाराल तर पाइप ठिकठिकाणी गंजला असेल तेव्हा ठिगळ लावू नये, अख्खा बदलावा.

फ्लेअर जोडाच्या, म्हणजे पाइपाचं टोक शंकूसारखं पसरवलेल्या जोडाच्या, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे गळती थांबते ती शंकूसारख्या टोकावर, आट्यांवर नाही, आणि टेपचा सुटलेला धागा गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हपर्यंत जाऊ शकतो. जोड क्लिपवाला असेल तर जुनी ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) आतच चिकटून राहिली नाही ना, तेवढं बघा.

तेल भरताना लोक घाई करतात. बऱ्याच गाड्यांत पातळी इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्स गरम असताना बघायची असते, काहींत इंजिन बंद करून, तर काहींना डिपस्टिकच (पातळी बघायची पट्टी) नसते. गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं तेच खरं. तेल त्यात लिहिलेल्याच जातीचं घाला. थोडं जास्त असलेलं बरं, हा हिशेब इथे चालत नाही: फिरत्या भागांनी घुसळून त्याचा फेस होतो, तो हवेच्या छिद्रातून बाहेर येतो आणि पुन्हा गळती लागली असं वाटून तुम्ही परत त्याच नटाशी झटापट करता.

आणि डिपस्टिकवर लाल तेलाऐवजी गुलाबी दुधासारखं काही आलं, तर बाहेरच्या पाइपांना हातच लावू नका. बहुधा रेडिएटरच्या आत बसवलेला कूलर फुटून कूलंट (रेडिएटरमधलं पाणी) आणि तेल एकमेकांत मिसळलंय. त्या पाण्याने गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांचं अस्तर सुटायला लागतं. अशी गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, टो करूनच न्यायची.