पणजीत राहून वेर्ण्याला नोकरी : घर कुठं बघाल?

आमच्या लॅबमध्ये दर जूनला दोन-तीन नवी मुलं रुजू होतात. कुणी कुडाळचं, कुणी सावंतवाडीचं, एखादी कोल्हापूरची. चौथ्या-पाचव्या दिवशी डबा खाताना प्रश्न ठरलेला : "ताई, पणजीत रूम कुठं बघू?"

मी आधी विचारते, पणजीच का? वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीला मडगाव जवळ. ज्याचं पणजीत काही अडकलेलं नाही त्यानं सरळ मडगावला राहावं. माझं अडकलेलं आहे. नवऱ्याची बँक पणजीत, मुलाची शाळा पणजीत, शिवाय पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सवय लागलेली. कंपनीजवळच राहायचं म्हणाल, तर जनरल शिफ्ट सुटल्यावर त्या पठारावर काय उरतं ते एकदा बघून या. ट्रक, कुत्री आणि गेटवरचे सिक्युरिटीवाले.

पणजी पक्की असेल तर दलालाला फोन करण्याआधी एक काम करा. कंपनीच्या ट्रान्स्पोर्टवाल्याकडून बसचे थांबे आणि वेळा लिहून घ्या. आमची बस कदंब स्टँडबाहेरून, म्हणजे पणजीच्या मुख्य बसस्टँडबाहेरून, ७.१० ला निघते, मेरशी सर्कलला ७.१८, बांबोळीला गोमेकॉपाशी (गोवा मेडिकल कॉलेज) ७.२५. आधी थांबा ठरवायचा, मग घर. 

किलोमीटर मोजत बसू नका. पणजी ते वेर्णा वीस-बावीस किलोमीटर, आणि त्यातला बांबोळीपासून पुढचा रस्ता सगळ्यांना सारखाच. जुन्या झुआरी पुलावर एखादा ट्रक बंद पडला की आगशीपर्यंत रांग लागायची, आम्ही बसमध्येच डबे उघडायचो. नवा पूल झाला, एक बाजू डिसेंबर २०२२ ला आणि दुसरी वर्षभरानं, तेव्हापासून तो पट्टा बहुतेक दिवशी सुरळीत असतो. फरक पडतो तो तुमच्या दारापासून हायवेपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरांत. तेवढाच भाग तुमच्या हातात आहे आणि घर निवडताना तेवढाच बघायचा.

याच हिशेबानं मी मुलांना सांगते, रोज दोन नद्या ओलांडू नका. झुआरी चुकत नाही, मांडवी चुकवता येते. पर्वरीत मोठा फ्लॅट मिळतो, इमारती नव्या, पार्किंग मोकळं, हे खरं. पण मांडवीवर तीन पूल असले तरी सकाळी म्हापशाकडचं सगळं जग त्याच वाटेनं पणजीत उतरतं, आणि पर्वरीत हायवेवर उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून तर विचारूच नका. आमच्या पॅकिंगमधला एक जण पर्वरीहून येतो. स्टँडवर ७.१० ला पोचायचं म्हणून सव्वासहाला घर सोडतो. मी ताळगावातून सात वाजता निघते. घराचं भाडं त्याचं कमी, झोपही कमी.

नवीन माणसाला भुरळ पडते ती फोंतेन्हास आणि मळा या पणजीतल्या जुन्या वस्त्यांची. मलाही पडली होती. रंगीत भिंती, कौलारू घरं, सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू, मारुतीच्या जत्रेला दारासमोर दुकानं. आणि पायी जायचं म्हटलं तर खाडीवरचा छोटा पूल ओलांडला की आठ मिनिटांत कदंब स्टँड. बसच्या दृष्टीनं मळ्यासारखी जागा नाही, हे आजही म्हणेन.

मी मळ्यात तळमजला घेतला, ही चूक. घर दाखवताना मालकीण म्हणाली होती, "पावसांत मात्शें उदक येता, पूण चड ना." थोडं पाणी येतं, फार नाही. मला वाटलं, अंगणात येत असेल. दुसऱ्या पावसाळ्यात एकदा रात्रभर पाऊस लागून राहिला आणि पहाटे भरती. पाणी दारातून आलंच नाही. मोरीच्या जाळीतून वर आलं, बुडबुडे काढत, शांतपणे. पाच वाजता उठून पाय खाली टाकला तर घोटाभर पाणी आणि माझी एक चप्पल फ्रिजच्या दिशेनं निघालेली. फ्रिज विटांवर ठेवलेला होता. त्या विटा आधीच्या भाडेकरूनं सोडल्या होत्या आणि त्या कशासाठी, हे मी दीड वर्ष विचारलंच नव्हतं.

म्हणून सखल भागात घर बघताना गोड बोलण्याकडे लक्ष देऊ नका, भिंतीकडे द्या. प्लगचे पॉइंट जमिनीपासून किती उंचावर आहेत? कमरेएवढे वर घेतले असतील तर कारण विचारा. खालच्या दोन फुटांना वेगळा ऑइलपेंट आहे का? कपाटांचे पाय फुगलेत का? शेजारच्या दुकानदाराला विचारा, माल खालच्या फळीवर ठेवता का. अठरा जून रस्त्याच्या आसपासही जोराच्या पावसात भरतीला हीच तऱ्हा. पणजी मांडवीच्या तोंडाशी वसलीय, भरतीच्या वेळी गटाराचं पाणी जाणार कुठं? दुसरा मजला मिळाला तर मात्र मळा बेलाशक घ्या. पर्यटक खिडकीखाली फोटो काढतील, त्याची सवय होते.

मिरामार-करंझाळे मी दोन ओळींत संपवते. वारा छान, भाडं जास्त, लोखंडी ग्रिल दोन वर्षांत गंजतं. कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकांच्या दिवशी घरी कुठल्या वाटेनं जायचं, हे सकाळीच ठरवावं लागतं.

ताळगावबद्दल नकाशा फसवतो. नकाशावर ते पणजीच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला दिसतं, म्हणजे वेर्ण्यापासून लांब. पण ताळगावातून विद्यापीठाच्या पठारावर चढलं की रस्ता पणजीत न शिरता थेट बांबोळीला हायवेवर उतरतो. सकाळी सातला त्या वाटेवर मोर दिसतात, ट्रॅफिक दिसत नाही. मी स्कूटर घेऊन पंधरा मिनिटांत बांबोळी गाठते, ओळखीच्या चहावाल्याच्या बाजूला लावते आणि पुढं बसनं. मळ्यातल्यापेक्षा भाडं सात-आठ हजारांनी जास्त पडतं, मजला तिसरा. मोरीतून आता काही वर येत नाही.

खिशाला ताण नको असेल तर मेरशी आणि सांताक्रुझ. कागदोपत्री ही पंचायतीची गावं, पणजी महापालिकेच्या हद्दीबाहेर, पण मेरशी सर्कल हाकेच्या अंतरावर. खाजन शेतं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं, जवळ, त्यामुळे डास. जाळीच्या खिडक्या नसतील तर त्या बसवून घ्यायची अट आधी घाला, नंतर कुणी बसवत नाही.

घर आवडलं तरी टोकन लगेच देऊ नका. एका सोमवारी त्या दारातून बरोबर सातला निघून थांब्यापर्यंत जाऊन बघा, आणि त्याहून महत्त्वाचं, संध्याकाळी परत येऊन बघा. सकाळी माणूस ताजा असतो, काहीही सहन करतो. संध्याकाळी बस तुम्हाला हायवेवर उतरवते, घरी सोडत नाही. सव्वासहाला, जुलैच्या पावसात, उरलेले तीन किलोमीटर कसे जाणार? पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) कदंब स्टँडवर सहज मिळतो, मेरशी सर्कलला मिळेलच असं नाही. कधी ओव्हरटाइम लागला आणि कंपनीची बस चुकली तर पणजीकडे येणाऱ्या गाड्या आठनंतर विरळ होत जातात. मडगाव-पणजी शटल विनाथांबा असते, वेर्ण्याला तुमच्यासाठी थांबत नाही. खाजगी बस थांबते, प्रत्येक झाडाखाली थांबते. रेल्वेचा मोह सोडा. करमळी आणि वेर्णा अशी दोन स्थानकं आहेत खरी, पण शिफ्टच्या वेळा धरून लोकल चालाव्यात असं काही गोव्यात नाही. आणि पावसाळ्यात वेर्ण्यापर्यंत स्कूटरनं जायचं मनात असेल तर झुआरीवरचा आडवा वारा एकदा अंगावर घेऊन बघा. मी एकदाच घेतला.

पाण्याचंही विचारा. पणजीला पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला जलवाहिनी फुटली तेव्हा शहर कित्येक दिवस टँकरवर होतं. इमारतीला खाली मोठी टाकी आहे का, पंप कोण आणि किती वाजता लावतो? तुम्ही पावणेसातला अंघोळ करून तयार व्हायचंय आणि पंप साडेसातला लागत असेल, तर बाकी सगळं छान असून उपयोग नाही.

करार अकरा महिन्यांचा होतो. तो नीट वाचा आणि नोव्हेंबर-डिसेंबरात घर रिकामं करायला लावणारं कलम असेल तर तिथूनच उठा. सीझनला पर्यटकांना रोजाच्या भावानं द्यायचं असतं. भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस स्टेशनला द्यावा लागतो, मालक आळस करत असेल तर स्वतः मागं लागा.

यंदाच्या जूनमधला कुडाळचा मुलगा सगळं ऐकून घेऊन शेवटी सांताक्रुझला राहिला. जाळ्या बसवून घेतल्या, संध्याकाळची फेरी मारून बघितली, पंपाची वेळसुद्धा विचारली. परवा ७.१६ ला त्याचा फोन आला, धापा टाकत : "ताई, ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबवा ना!" मी बांबोळीला उभी, बस अजून माझ्यापर्यंत यायचीच होती. ड्रायव्हरचा नंबर त्यानं तेवढा घेतला नव्हता.